मतदानाची सुट्टी आणि सुट्टीने खाल्लेला शनिवार

सुवानीकर

राम राम मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

परवा बाबांशी फोनवर बोलताना विषय निघाला. बाबा साताऱ्यात असतात, मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात. मतदानाच्या दिवशी सकाळी सातला रांगेत पहिल्या दहात नसले तर त्यांचा दिवस वाया जातो. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे मतदान मंगळवारी आणि सुट्टीही नाही? मग लोक जातात कधी?" मी म्हटलं, आमच्याकडे तीन आठवडे आधीपासून मतदान करता येतं. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, "मग मध्ये एखादी सुट्टी आली की त्या दिवशी झुंबड उडत असेल."

इथे मी गप्प झाले. जॉर्जियात मध्ये सुट्टी आली की त्या दिवशी आगाऊ मतदान बंद असतं. (आगाऊ म्हणजे 'आधीचं'. काही आमदारांना त्यात आगाऊपणा दिसतो ते सोडा.) त्यावरही भागत नाही. सुट्टी गुरुवारची आणि सुतक शनिवारला, अशीही सोय कायद्यात करून ठेवली आहे. २०२२ मध्ये ती मी जवळून पाहिली.

जॉर्जियात निम्म्याहून जास्त मतं मिळाल्याशिवाय कुणी जिंकत नाही. ८ नोव्हेंबर २०२२ ला अमेरिकी सेनेटच्या जागेसाठी राफाएल वॉर्नॉक यांना ४९.४ टक्के आणि हर्शल वॉकर यांना ४८.५ टक्के मतं पडली. म्हणजे दोघांत पुन्हा लढत, रनऑफ. पूर्वी रनऑफ नऊ आठवड्यांनी व्हायचा. मागचा तर ५ जानेवारी २०२१ ला झाला होता. मार्च २०२१ मध्ये गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी 'सेनेट बिल २०२' वर सही केली आणि नऊ आठवड्यांचे चार झाले. अठ्ठाविसावा दिवस, म्हणजे ६ डिसेंबर. या चार आठवड्यांच्या मधोमध थँक्सगिव्हिंगचा सण येऊन बसतो.

आता कॅलेंडर मांडते. गुरुवार २४ नोव्हेंबर थँक्सगिव्हिंग. शुक्रवार २५ राज्याची सुट्टी. शनिवार २६. मग सोमवार २८ ते शुक्रवार २ डिसेंबर सक्तीचं, म्हणजे प्रत्येक काउंटीने (आपला जिल्हा समजा) घ्यायलाच हवं असं आगाऊ मतदान, आणि मंगळवारी ६ डिसेंबरला मुख्य मतदान. नोकरदाराच्या कामाचा असा शनिवार एकच, २६ तारखेचा. कायद्यातलं कलम साधारण असं: मतदानाच्या आधीच्या दुसऱ्या शनिवारच्या लगतच्या गुरुवारी किंवा शुक्रवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर त्या शनिवारी आगाऊ मतदान घेऊ नये, त्याच्या आधीच्या शनिवारी घ्यावं. राज्याच्या निवडणुका बघणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांच्या कार्यालयाने काउंट्यांना कळवलं, शनिवार रद्द. आधीचा शनिवार घ्यावा, तर १९ तारखेला पहिल्या फेरीच्या निकालाचीच कागदपत्रं पुरी होत नव्हती.

ती शुक्रवारची सुट्टी कसली, तेही सांगते. जनरल रॉबर्ट ई. ली यांच्या वाढदिवसाची. गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या फौजेचे सेनापती. वाढदिवस खरा १९ जानेवारीचा, पण जॉर्जिया तो थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी पाळायची, म्हणजे जोडून सुट्टी. २०१५ मध्ये नाव काढलं, सुट्टी ठेवली. आता ती नुसती 'राज्य सुट्टी'. पाटी पुसली, दुकान तेच. वॉर्नॉक हे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एबेनेझर चर्चचे पाद्री. त्यांच्या निवडणुकीतला एकुलता एक शनिवार ली यांच्या वाढदिवसाने खाल्ला, ही गोष्ट इथल्या कृष्णवर्णीयांच्या चटकन लक्षात आली. आम्हा देशी मंडळींना व्हॉट्सअॅपवर समजावून सांगावी लागली.

डेमोक्रॅटिक पक्ष आणि वॉर्नॉक यांची प्रचार समिती कोर्टात गेली. फुल्टन काउंटीचे न्यायाधीश थॉमस कॉक्स यांनी १८ नोव्हेंबरला निकाल दिला. त्यांच्या मते ती सुट्टीची अट मुख्य आणि प्राथमिक निवडणुकीला आहे, रनऑफला नाही. ज्या काउंटीला शनिवारी केंद्र उघडायचं असेल तिने उघडावं. वरच्या कोर्टांनी स्थगिती दिली नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा नकार आला तो २३ तारखेला, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी. तोवर आमच्या घरी टर्की नव्हे, पावभाजीचे बटाटे उकडत होते.

'उघडावं' म्हणजे उघडलंच पाहिजे असं नाही. जॉर्जियात १५९ काउंट्या, त्यांतल्या थोड्याच उघडल्या. आमची ग्विनेट उघडली. काउंटीची हद्द ओलांडून वीस मिनिटांवर राहणाऱ्या मैत्रिणीची उघडली नाही. मुलीचं कॉलेज जॉर्जियातल्याच अथेन्सला, मतदार यादीत नाव मात्र घरच्या पत्त्यावर. बुधवारी रात्री आली, रविवारी परत जाणार, पुढे परीक्षा. तिच्यासाठी तोच शनिवार होता.

केंद्राच्या दारापासून निघालेली रांग पार्किंगला वळसा घालून मागे कचऱ्याच्या पेट्यांपर्यंत. एक तास चाळीस मिनिटं उभ्या होतो. पुढे एक आजीबाई घडीची खुर्ची घेऊन आलेल्या, रांग सरकली की खुर्ची सरकवायच्या. २०२१ च्या त्याच कायद्याने रांगेतल्या मतदाराला पक्षाच्या किंवा संस्थेच्या माणसांनी पाणी-खाऊ वाटायला बंदी केली होती, म्हणून आम्ही आपली बाटली आपण नेलेली. आत लायसन्स दाखवायचं, पडद्यावर बोटाने निवडायचं, छापील कागद बाहेर येतो तो वाचून स्कॅनरमध्ये सरकवायचा. निघताना पीचचं चित्र असलेला स्टिकर. लेकीने तो फोनच्या पाठीला लावला, अजून आहे, अर्धा निघालेला.

तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. तिकडे सुट्टी दिली की मतदान होतं, इकडे सुट्टी आली की मतदान थांबतं. तुमच्याकडे काय चालतं? आणि आपल्याकडे असं आगाऊ मतदान यावं का?

लोणावळ्याला_न_गेलेला

छान लिहिलंय. पण "सुट्टी दिली की मतदान होतं" हे वाक्य मुंबईत म्हणू नका, लोक हसतील.

२०१९ चं कॅलेंडर काढा. आमच्याकडे लोकसभेचं मतदान सोमवारी २९ एप्रिलला. शनिवार, रविवार, सोमवार झाले. मंगळवारी एक रजा टाकली की बुधवारी महाराष्ट्र दिन. पाच दिवस! सोसायटीच्या ग्रुपवर "मतदान हा आपला हक्क आहे" आणि त्याच्याखालीच "माथेरानला कुणाची रूम आहे का" असे दोन मेसेज एकाच काकांचे होते. २०२४ ला २० मे, पुन्हा सोमवार.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला निवडणूक आयोगाने बुधवार धरला आणि मुख्य आयुक्त राजीव कुमार यांनी पत्रकार परिषदेत सांगूनच टाकलं की शहरी लोकांनी जोडून सुट्टी काढू नये म्हणून. राज्यात मतदान साधारण ६६ टक्क्यांवर गेलं, २०१९ ला ते ६१ च्या आसपास होतं. पण त्याला बुधवार कारण की लाडकी बहीण, ते ज्याने त्याने आपापल्या पक्षाप्रमाणे ठरवावं. कुलाब्यात बुधवारीही ४४ टक्केच झालं. त्यांना कुठला वार द्यायचा?

म्हापशेकर

वाराला दोष देऊ नका हो. गोव्यात २०२२ ची विधानसभा सोमवारीच होती, तीही १४ फेब्रुवारीला. ७९ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. आमच्याकडे मतदारसंघ एवढे लहान की उमेदवार तुमच्या आजीच्या गुडघेदुखीची चौकशी करून गेलेला असतो. न जाऊन सांगता कुणाला?

कलम_आणि_कागद

सुट्टीमागचा कायदा सांगतो, कारण अनेकांना ती कंपनीची मेहरबानी वाटते.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ ब. १९९६ च्या दुरुस्तीने आलं. कुठल्याही धंद्यात, कारखान्यात, आस्थापनेत कामाला असलेल्या मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यायची. मोडलं तर मालकाला दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. १९९६ पासून तेवढाच. आणि एक पळवाट: ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामाला हे लागू नाही. 'मोठं नुकसान' कुणाला म्हणायचं ते बहुतेक वेळा मालकच ठरवतो.

बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद राहतात त्या वेगळ्या कायद्याने. त्यासाठी राज्य सरकार परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ खाली सार्वजनिक सुट्टी जाहीर करतं. एका दिवसाला दोन कायदे, त्यातला एक हुंडी-चेकचा.

त्याच १९९६ च्या दुरुस्तीने अजून एक गोष्ट केली. अर्ज माघारीची शेवटची तारीख आणि मतदान यांत निदान वीस दिवस असायचे, ते चौदा केले. आगाऊ मतदान आणायचं म्हणणाऱ्यांनी हे आधी पाहावं. माघार झाल्याशिवाय उमेदवारांची यादी पक्की होत नाही. २०२४ ला माघारीचा दिवस ४ नोव्हेंबर, मतदान २० ला. यादी, चिन्हं, छपाई, यंत्रात कागद भरणं हे सगळं करून मतदारापुढे ठेवायला उरतात किती दिवस? जॉर्जियासारखे तीन आठवडे हवे असतील तर आधी हे चौदा वाढवा. मग प्रचार वाढेल, खर्च वाढेल, आणि वाढवा म्हणणारेच "कधी संपणार हे भोंगे" म्हणतील.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. 'धोका किंवा मोठं नुकसान' या वाक्यात मी राहते.

मागच्या लोकसभेला सकाळची पाळी होती, सात ते तीन. कागदावर मतदानासाठी काही तासांची सवलत. बदली माणूस नाही म्हणून सवलत कागदावरच राहिली. तीनला सुटणार होते, सुटले सव्वाचारला. ट्रेन, मग रिक्षा, मग रांग. सहाच्या आत आवारात शिरले म्हणून चिठ्ठी मिळाली, मत दिलं सातला. बोटाला शाई लावणारी मुलगी म्हणाली, "मावशी, एवढा उशीर?" म्हटलं, बाळा, सुट्टी होती ना.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, नोकरी अजून तिथेच आहे. आधीच्या आठवड्यात कधीही जाऊन देता आलं असतं तर माझी बाजू एका ओळीत संपली असती. मला सुट्टी नको, दिवस हवेत.

सुवानीकर

@रात्रपाळी, ताई, "सुट्टी नको, दिवस हवेत" हे इथल्या वादाचंही मर्म आहे. इथे मुख्य मतदानाच्या दिवसाला राष्ट्रीय सुट्टी करावी अशी विधेयकं अनेकदा आली. २०१९ मध्ये सरकारी नोकरांना सुट्टी द्यायच्या प्रस्तावाला सेनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल 'सत्ता बळकावणं' म्हणाले होते. पण तेव्हाही उलट विचारणारे होते, की सुट्टी मिळेल ती बँकेत बसणाऱ्याला. वॉलमार्टच्या काउंटरवरच्या बाईला उलट त्या दिवशी सेल असेल. जॉर्जियात कामावरून दोन तास मागता येतात, २०२३ पासून ते आगाऊ मतदानासाठीही चालतात. पगार द्यायचं बंधन मात्र नाही.

मास्तर_आष्टी

मी जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक. अकरा निवडणुका केल्या, सहा वेळा केंद्राध्यक्ष म्हणून. तेव्हा 'आणा की आगाऊ मतदान' म्हणणाऱ्यांनी जरा आमच्याही अंगाने बघावं.

आदल्या दिवशी सकाळी तालुक्याला साहित्य वाटप. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट, लाख, सुतळी, पाकिटं, नमुने. यादीशी ताडून घ्यायचं, एसटीत चढवायचं, शाळेत जाऊन वर्गाचं केंद्र करायचं. झोप बेंचांवर. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप (म्हणजे चाचणीचं) मतदान, निदान पन्नास मतं टाकून, मोजून, पुसून, सील करायचं. सात ते सहा मतदान. मग मतांच्या हिशेबाचा १७ सी नमुना भरून प्रतिनिधींना प्रती. परत तालुक्याला जमा करायला रात्रीचा एक वाजतो, आणि तिथे कुणीतरी म्हणतो, "गुरुजी, हे पाकीट राहिलं." हे एका दिवसाचं. महाराष्ट्रात अशी लाखभर केंद्रं. हेच दहा दिवस चालवायचं म्हटलं तर रोज संध्याकाळी यंत्र सील, रोज रात्री पहारा, रोज सकाळी सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर उघडणं. आणि दहा रात्री त्या खोलीबाहेर दोन पक्षांचे कार्यकर्ते सतरंजी टाकून बसणार, हे मी लिहून देतो.

सुवानीकर ताईंच्या काउंटीत आगाऊ मतदानाला मोजकी केंद्रं असतील असा अंदाज आहे. तालुक्याला एक केंद्र ठेवलं तर जमेल. पण मग वाडीवरची म्हातारी तालुक्याला येईल कशी, आणि तिला आणणारी जीप कुणाची असेल?

आता दुसरी बाजू. माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर गायब होतात. आईबाप ऊसतोडीला जातात. २० नोव्हेंबर म्हणजे गळीत हंगामाचं तोंड. मुकादमाची उचल घेतलेली, ट्रॅक्टर निघालेले. त्या दिवशी १३५ ब प्रमाणे सुट्टी होती म्हणे. उसाच्या फडात सुट्टी कुणाला? कोयता (म्हणजे नवराबायकोची जोडी) थांबला की दिवस बुडाला. कलमवाले साहेब, भरपगारी सुट्टी द्यायची ती कुणी? कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचा. मुकादम म्हणतो मी नुसता मध्यस्थ. पाचशे रुपये दंडाची पावती फाडायला आधी मालक सापडला पाहिजे.

माझ्या केंद्रावर त्या दिवशी रात्रभर टेम्पोत उभं राहून आलेली वीसेक माणसं होती. टेम्पोचं भाडं कुणी भरलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांना माघारीनंतरचे चार दिवस तालुक्याला मत देता आलं असतं, तर काही टोळ्या मत देऊनच निघाल्या असत्या.

कलम_आणि_कागद

मास्तर, मालक कोण हा प्रश्न बरोबर टोचलात. त्याचं सरळ उत्तर या कलमात नाही.

स्थलांतरितांसाठी आयोगाने रिमोट व्होटिंग मशीनचा नमुना केला होता, एका केंद्रातून ७२ मतदारसंघांची मतं घेता येतील असा. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या, विषय तिथेच राहिला. झालं ते एवढंच की ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले यांच्या घरी पथक जातं, १२ ड नमुना भरला तर. मतदानाच्या दिवसाआधी, टपाली मतपत्रिकेवर, चित्रीकरणासह. हेही आगाऊ मतदानच, नाव वेगळं. आणि ड्यूटीवरच्या मास्तरांचं टपाली मतही तसंच.

मेलबर्नचा_मध्या

आमच्याकडचा किस्सा ऐका, सुवानीकरांच्या शनिवाराचा चुलतभाऊ आहे.

ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं आणि नेहमी शनिवारी. नाही केलं तर वीस डॉलरचं पत्र येतं. केंद्राबाहेर शाळेचे पालक सॉसेज भाजून विकतात, आमचे मराठी पोट्टे मत द्यायचं वय नसताना त्यासाठी येतात. २०२१ च्या दुरुस्तीने आगाऊ मतदानाची मुदत मतदानाआधी जास्तीत जास्त बारा दिवस केली. २०२५ ची निवडणूक ३ मेला लागली. बारा दिवस मागे मोजा, २१ एप्रिल. ईस्टरचा सोमवार! सुरुवात एकदम मंगळवारी २२ ला. पुढे शुक्रवारी २५ ला अँझॅक डे (युद्धातल्या सैनिकांचा स्मृतिदिन), पुन्हा केंद्रं बंद. बारा दिवसांना सणांनी दोन्हीकडून कुरतडलं. तरी पहिल्याच दिवशी पाच लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं, त्यात मी एक. पंधरा मिनिटं.

इथे कुणी कोर्टात गेलं नाही. ऐन अँझॅक डेला केंद्र उघडा म्हणायची कुणाची छाती नाही.

लोणावळ्याला_न_गेलेला

मला आगाऊ मतदानाबद्दल मुळातच शंका आहे. तीन आठवडे आधी मत दिलं आणि शेवटच्या आठवड्यात उमेदवाराचं काही बाहेर आलं तर? मत परत घेता येत नाही. शेवटचे ४८ तास प्रचार बंद ठेवतो आपण, माणसाने शांत डोक्याने विचार करावा म्हणून. त्याला अर्थ काय उरला?

म्हापशेकर

आणि २०२४ ची लोकसभा काय होती? पहिला टप्पा १९ एप्रिल, सातवा १ जून. त्रेचाळीस दिवसांचा फरक. विदर्भातल्या माणसाने १९ एप्रिलला मत दिलं आणि नंतर महिनाभर बाकीच्या देशातली भाषणं ऐकत बसला. ज्याला आगाऊ मतदान नको त्याने हे आधी बंद करून दाखवावं.

लोणावळ्याला_न_गेलेला

@म्हापशेकर, टप्प्यागणिक मतदारसंघ वेगळे, उमेदवारही वेगळे. ज्याला मत द्यायचं त्याचा प्रचार संपलेला असतो. मुद्दा पटला नाही, पण विनोद म्हणून घेतला.

रिचमंडची_काकू

व्हर्जिनियातून जनरल लींचा पुढचा अध्याय. आमच्याकडे लींची सुट्टी नावासकट होती, सोबत त्याच फौजेचे जनरल जॅक्सन. १९८४ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची सुट्टी आली, ती याच सुट्टीला जोडली: 'ली-जॅक्सन-किंग डे'. एका मांडवात तिघं. २००० पर्यंत असंच चाललं, मग ली-जॅक्सन वेगळे करून आदल्या शुक्रवारी सरकवले.

२०२० मध्ये विधानसभेने ली-जॅक्सन डे रद्द केला आणि त्या बदल्यात नोव्हेंबरच्या मतदानाच्या मंगळवारला राज्याची सुट्टी दिली. गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांची सही. सुट्ट्यांचा आकडा तेवढाच राहिला, म्हणून अंदाजपत्रकवाल्यांनाही कुरकूर करता येईना. त्याच वर्षी कारण न देता ४५ दिवस आधीपासून मतदानाची सोय आली. गंमत अशी की ४५ दिवस मिळाल्यावर सुट्टीच्या दिवशी मत द्यायला आमच्या घरातलं कुणी उरतच नाही. मी तर त्या मंगळवारी दिवाळीची भांडी आवरली.

सुवानीकर

काकू, भारी! आमच्याकडे लींनी शनिवार खाल्ला, तुमच्याकडे मतदानाने लींना खाल्लं.

खडीसाखर

सणांवरून आठवलं. आपल्याकडे सण आला की आयोग मतदानच हलवतो, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. राजस्थानात २०२३ ला आधी २३ नोव्हेंबर जाहीर केला होता. ती देवउठनी एकादशी, म्हणजे आपली कार्तिकी. चातुर्मास संपून लग्नांचा पहिला मुहूर्त. हजारो लग्नं, घोडे, बँडवाले, आचारी. आयोगाने तारीख २५ केली. पंजाबात २०२२ ला गुरू रविदास जयंतीसाठी लोक वाराणसीला जातात म्हणून १४ फेब्रुवारीचं २० ला नेलं. हरियाणात २०२४ ला बिष्णोईंच्या अमावस्येसाठी १ ऑक्टोबरचं ५ ला.

आणि आमच्या महापालिकांचं मतदान मात्र यंदा २०२६ ला १५ जानेवारीला ठेवलं, म्हणजे किंक्रांत! सासूबाई म्हणाल्या, आजच्या दिवशी शुभकार्य करत नाहीत. मी म्हटलं, आई, नगरसेवक निवडायचाय, शुभकार्य कुठाय.

रात्रपाळी

😄 सासूबाई गेल्या की नाही?

खडीसाखर

गेल्या. तिळगूळ घेऊन गेल्या, पोलिसालाही दिला.

मास्तर_आष्टी

तारीख हलवणं शहाणपणाचं, मान्य. पण बिष्णोईंची अमावस्या आयोगाला दिसते, कारण त्यांच्या संघटनेने पत्र दिलं. गळीत हंगाम कॅलेंडरात लाल अक्षरात नसतो. टोळीवाल्यांचं पत्र कोण लिहिणार?

सुवानीकर

मास्तर, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पाकीट राहिलं म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो."

कलमवाल्यांसारखं मीही काल रात्री कॅलेंडर घेऊन बसले. इथे कायदा म्हणतो, आगाऊ मतदान मतदानाच्या आधीच्या चौथ्या सोमवारी सुरू. तो सोमवार सुट्टीचा असेल तर मंगळवारी. २०२४ ला कोलंबस डेच्या सुट्टीने तो सोमवार खाल्ला, मतदान १५ ऑक्टोबरला सुरू झालं आणि १ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संपलं. मी सकाळी मत दिलं, संध्याकाळी वहीपूजन. यंदा ३ नोव्हेंबरला निवडणूक, चौथा सोमवार १२ ऑक्टोबर, पुन्हा कोलंबस.

पण खरी मजा रनऑफला. यंदा तो झाला तर अठ्ठाविसावा दिवस १ डिसेंबर. सक्तीचं आगाऊ मतदान आधीच्या दुसऱ्या सोमवारपासून, म्हणजे २३ नोव्हेंबरपासून, आदल्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे २७ पर्यंत. २६ ला थँक्सगिव्हिंग, २७ ला आपले निनावी जनरल. हातात उरले सोमवार, मंगळवार, बुधवार. शनिवार २८ तर मुदतीच्याच बाहेर, म्हणजे २०२२ सारखं कोर्टात जायलाही जागा नाही. कायदा आहे तसाच राहिला तर सक्तीचे तीन दिवस, तेही लोक विमानतळावर असतात त्या आठवड्यातले. काउंट्यांनी आधीच्या आठवड्यात स्वतःहून केंद्रं उघडली तरच काही खरं. माझी मोजणी चुकली असेल तर दाखवा, मला चुकलेलीच आवडेल.

मास्तर_आष्टी

दोनदा तपासलं. पैकीच्या पैकी.

रिचमंडची_काकू

लेकीला आत्ताच सांग, यंदा विमानाचं तिकीट मंगळवारचं काढ म्हणावं.

सुवानीकर

ती आता सिअॅटलला नोकरीला आहे काकू. तिकडे मतपत्रिका टपालाने घरी येते. मागच्या वेळी फ्रिजवर मॅग्नेटखाली चार दिवस पडून होती, सोबत वाण्याची यादी.